लेन्सकडे बघू नका

१

"लेन्सकडे बघू नका."

माझ्या स्टुडिओत आलेल्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगते. मग सांगते, "आणि हसू नका." लोक गोंधळतात. फोटोवालीच हसू नका म्हणते म्हटल्यावर हात कुठे ठेवायचे तेही त्यांना सुचेनासं होतं. मला तेच हवं असतं. घरून ठरवून आणलेला चेहरा एकदा गळून पडला की खालचा खरा चेहरा दिसायला लागतो. मी फोटो त्याचा काढते.

मी कुंदा. अमरावतीत रुक्मिणीनगरात आमचं घर आहे. वर आम्ही राहतो, खाली माझा स्टुडिओ. लग्नं मी घेत नाही. ड्रोन उडवत नाही, नवरीला शालू नेसवून शेतातून पळायला लावत नाही. एका वेळी एक माणूस आणि त्याचा एक चेहरा, एवढंच माझं काम, आणि ते मला उत्तम येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या बाईला पुरणपोळी येते ती "येते" म्हणून सांगते, तसं मला माणसाचा चेहरा येतो.

माझी युक्ती मी कुणापासून लपवत नाही. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, थोडी मागे, मी एक रिकामी खुर्ची ठेवते. आमच्याच जेवणाच्या टेबलाची आहे. सेट घेताना हौसेनं सहा खुर्च्यांचा घेतला, आणि घरात माणसं तीन. त्यातही गौरांग, माझा नवरा, अकोल्याला कॉलेजात शिकवतो आणि शनिवारी घरी येतो; मुलगी अबोली नोकरीसाठी पुण्यात. मग एक खुर्ची खाली आणली. लाकडी हात, वेताची बैठक, कुणी बसलं की कुरकुरणारी.

समोर स्टुलावर बसलेल्या माणसाला मी म्हणते, "त्या खुर्चीत तुमचं एक माणूस आणून बसवा. कोण ते मला सांगू नका. नुसतं बघा त्याच्याकडे."

आणि मी थांबते. सगळी कला त्या थांबण्यात आहे. बघता बघता जबडा सैल पडतो, कपाळावरची घडी उलगडते, डोळ्यांत पाणी येतं नाहीतर खोडी येते. ते आलं की मी बटण दाबते, आधी नाही आणि नंतरही नाही. त्या एका क्षणासाठी लोक नागपूरहून माझ्याकडे येतात.

२

नत्थुजी आणि कौशल्याबाई दिवाळीनंतर मोर्शीकडून आले. संत्र्याचा बगीचा असलेलं घर. मुलगा नितेश गाडीतून घेऊन आला होता, सोबत संत्र्यांची भलीमोठी पिशवी. त्यांना भिंतीचे फोटो हवे होते. आमच्याकडे कितीतरी घरांत म्हातारपणी असा एकेक चांगला फोटो काढून ठेवतात, पुढे हार घालायला. त्यात कुणाला अभद्र वाटत नाही. लग्नाच्या घोळक्यातून कापलेला, शेजाऱ्याचा खांदा आलेला फोटो भिंतीवर जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आधी कौशल्याबाई बसल्या. मी खुर्चीचं सांगितलं तशा त्या खुर्चीकडे बघून पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"इथं तं कोनीच नाई, बाई."

"बसवा ना कुणाला तरी मनातून."

"कोनाले बसवू? रिकामी खुर्ची मले रिकामीच दिसते."

त्यांचा फोटो चांगला आला, पण खास नाही. त्या बाहेर पॅसेजमधल्या बाकावर जाऊन संत्री सोलत बसल्या आणि नत्थुजी आत आले. टोपी सरळ केली, गुडघ्यांवर हात ठेवले, मी सांगितलं तसं खुर्चीकडे बघितलं.

त्यांना वेळच लागला नाही. लोकांना लागतो. कुणाला आणावं याचा विचार करावा लागतो, लाज मोडावी लागते. नत्थुजींचे डोळे खुर्चीवर गेले आणि तिथेच टेकले, जणू कुणीतरी आधीपासून बसलेलं होतं.

"केस बांध ना व," ते खुर्चीला म्हणाले. "वल्लेच सोडून देल्ले. सर्दी होईन ना."

मी बटण दाबलं. इतकी वर्षं मी हे करते आहे, पण रागावणं आणि माया एकाच चेहऱ्यावर इतकी सरळ उतरलेली मी बघितली नव्हती. मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग मी माझाच नियम मोडला.

"कुणाला बसवलंत नत्थुजी?"

"ही का? कौशल्या. तुमीच तं सांगतलं आपलं मानूस बसवा म्हनून."

"अहो, त्या तर बाहेर संत्री सोलून राहिल्या."

"ते मालूम आहे ना मले." त्यांनी पुन्हा खुर्चीकडे बघितलं आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "मंग इथं काहून बसली?"

आणि स्वतःच हसले. मीही हसले. पॅसेजमध्ये डोकावले तर कौशल्याबाई मान खाली घालून संत्र्याच्या शिरा काढत होत्या. केस तेल लावून चापूनचोपून बांधलेले, अंबाड्यात शेवंतीचं फूल.

ते सगळे गेल्यावर मी दिवे बंद करायला आत आले, तेव्हा वेत कुरकुरला. कुणी उठल्यावर कुरकुरतो तसा. थंडी सुरू झाली की लाकूड आवाज करतंच.

३

फोटो घ्यायला नितेश एकटा आला. दारातच म्हणाला, "माय गेली, ताई."

मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं.

"बिमार नव्हती, काई नव्हती," तो सांगत होता. "सकायी डोक्शावरून पानी घेतलं. केस मोकये सोडले अन् आंगनात खुर्ची टाकून उन्नात बसली. मी आवाज देल्ला, माय, चा घेतं का? तं बोलेच ना."

फ्रेम माझ्या हातात होत्या. नत्थुजींची वर होती. नितेशने ती घेतली आणि बराच वेळ बघत राहिला.

"बाबा असे कोनाकडेच नाई पाहात. हे कोनाले पाहून राहिले?"

"तुमच्या आईला," मी म्हटलं. ते खरंच होतं.

तो रडला. मीही रडले. तो गेल्यावर मी स्वतःला नीट बसवून समजावलं. बाई म्हातारी होती. आयुष्यभराच्या नवऱ्याने बायकोचे ओले केस हजारदा बघितलेले असतात. बायको आठव म्हटल्यावर त्याला तेच आठवले. न्हाऊन उन्हात बसणं ही काही अघटित गोष्ट नाही, वऱ्हाडातल्या सगळ्या बायका थंडीत तेच करतात. माझं म्हणणं मला पटलं. मी चहा केला आणि कामाला लागले.

४

दामिनी अकोल्याची. तरुण वकील, गौरांगच्या सहकाऱ्याची मुलगी. नव्या ऑफिसात लावायला तिला फोटो हवा होता. मी दिवे आणि खुर्ची गाडीत टाकून अकोल्याला गेले आणि गौरांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलचा स्टुडिओ केला. गौरांग स्वयंपाकघरात पेपर तपासत बसला.

दामिनी बडबडी निघाली. "ताई, कोर्टात मी भल्याभल्यांची नाटकं बघते. तुमची ही खुर्चीची ट्रिक माझ्यावर नाही चालणार हां."

"नको चालू दे. नुसती बघ."

तिने बघितलं आणि बडबड तिथेच थांबली. ओठांचा एक कोपरा वर गेला. घरातल्या धाकट्याला बघून मोठ्या बहिणीचा होतो तसा चेहरा झाला, वैतागलेला आणि लाडाने भरलेला.

"हेल्मेट तरी काढ ना बे!"

मी बटण दाबलं. अप्रतिम फोटो आला. मी लॅपटॉप फिरवून तिला दाखवला तर तिचाच तिच्यावर विश्वास बसेना.

"कोण होतं गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"यश. यशोधन, माझा लहान भाऊ. नागपूरला असतो." ती हसली आणि मग तिच्या भुवया जवळ आल्या. "पण मी त्याला हेल्मेट घालून का बसवलं? तेही लाल. त्याच्याकडे लाल हेल्मेट नाहीच आहे."

"मनाचे खेळ असतात," मी म्हटलं.

संध्याकाळच्या आत परत निघाले. मागच्या सीटवर खुर्ची आडवी टाकली होती. अकोला सोडलं तशी गाडी टुंग टुंग करायला लागली. मागच्या माणसाने पट्टा लावला नाही की वाजतं ते. खुर्चीच्या वजनाने वाजत असणार, हे कळायला काही फार हुशारी लागत नाही. फक्त सकाळी येताना हीच खुर्ची, याच सीटवर, अशीच आडवी होती, आणि गाडी मुकाट्याने आली होती.

मूर्तिजापूरला मी गाडी बाजूला घेतली, मागे गेले आणि खुर्चीला पट्टा लावला. आवाज थांबला. घर येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही. दुखरी मान हे कारण मी स्वतःला दिलं.

५

गौरांगचा फोन आला तेव्हा मी दामिनीच्याच फोटोवर काम करत होते. तिचा चेहरा स्क्रीनभर मोठा केलेला होता.

"कुंदा, वाईट बातमी आहे. दामिनीचा भाऊ गेला. मोटरसायकलवर घरी यायला निघाला होता, तिवश्याजवळ ट्रकने उडवलं."

"हेल्मेट नव्हतं का?"

"होतं ना. नवंकोरं होतं म्हणे, नुकतंच घेतलेलं."

रंग मी विचारला नाही. गौरांगनेच मागून सांगितला. टीव्हीवर दाखवलं होतं, रस्त्याच्या कडेला पडलेलं लाल हेल्मेट.

फोन ठेवून मी "योगायोग" असं मोठ्याने म्हटलं. रिकाम्या खोलीत तो शब्द मलाच खोटा वाटला. मी शिक्षकांच्या घरातली मुलगी आहे. आमच्याकडे भुताखेतांना जागा नव्हती, पण समोर मांडलेलं गणित सोडवायचं नाही असंही चालत नव्हतं. म्हणून मी ते सोडवलं. स्टुलावर बसलेल्या माणसाला खुर्चीत त्याचं ते माणूस दिसतं, जे आता त्याच्यापासून जाणार असतं, आणि जाताना जसं असेल तसंच दिसतं. नत्थुजींना कौशल्या दिसली. दामिनीला यश दिसला. कौशल्याबाईंना खुर्ची रिकामी दिसली, कारण त्यांच्याआधी त्यांचं कुणी जाणार नव्हतं. जाणाऱ्या त्याच होत्या.

आणि दोन्ही वेळा नेमक्या क्षणी बटण दाबून मी ते पक्कं केलं होतं.

हे मला पटलं नाही, पण सुटलं मात्र व्यवस्थित. मी खुर्ची उचलली, वर नेली आणि जेवणाच्या टेबलाखाली सरकवून ठेवली.

६

खुर्चीशिवाय माझे फोटो पडले. कॅमेरा तोच, उजेड तोच, मी तीच. लोक मात्र मुलाखतीला आल्यासारखे बसायचे. मी त्यांना गोष्टी सांगितल्या, भांडले, गाणी लावली. काहीच जमेना. एक बाई तर फोटो बघून म्हणाली, "छान आहे, पण तुम्ही आमच्या बेबीताईंचा काढलाय तसा नाही." मला इतका राग आला की दुपारी जेवलेच नाही.

वर टेबलाशी बसले की मी त्या खुर्चीकडे पाठ करायची. मग ती पाठीमागे आहे हे जास्त जाणवायचं, म्हणून जागा बदलायची. कधी पोळी मोडताना वेताचा बारीक आवाज यायचा. मी म्हणायचे, "बस तू, मी नाही बघणार." विनोद म्हणून म्हणायचे. घरात दुसरं कुणी नसताना माणूस काहीही बोलतो.

अशात अबोली आली. तिच्या वाढदिवसाला मी दर वर्षी तिचा एक फोटो काढते, आणि मग ती माझा एक काढते. ती इतकी लहान होती की कॅमेरा तिच्या हातात मावत नसे, तेव्हापासूनचा हा रिवाज. जिन्याच्या भिंतीवर तिचे सगळे चेहरे ओळीने लावलेले आहेत, आणि कुठल्याही फोटोत हात दिसला तर नखं कुरतडलेली. कडू औषध लावून झालं, रागावून झालं. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेली तरी कुरतडतेच.

"खाली फोटो काढू, पण आधी चहा," मी म्हटलं. "बॅग वर ठेव."

"बॅगेला हात लावायचा नाही हं, आई. तुझ्यासाठी आणलंय त्यात काहीतरी. संध्याकाळी बाबा आले की देणार."

मी चहा टाकला, आलं किसलं. कप घेऊन खाली आले तर अबोली स्टुलावर बसलेली, दिवा लावलेला, आणि कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला ती खुर्ची.

"वर काय ठेवून दिली होतीस? मी आणली," ती म्हणाली. "हिच्याशिवाय तुझे फोटो येतात का?"

७

कप खाली ठेवून मी म्हटलं, "आज लेन्समध्ये बघ."

"काय? तू हे म्हणतेस?"

"नवीन प्रयोग आहे. लेन्समध्ये बघ, अबोली. इकडेतिकडे बघायचं नाही."

पण मुलं आईचं ऐकतात कुठे. खुर्ची आधी बाजूला करावी म्हणून मी तिकडे वळले, आणि मागून तिचा आवाज आला.

"चीटिंग!"

तो आवाज मला नाही, खुर्चीला होता. मी वळून तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर ते आलं होतं. जबडा सैल, भुवया वर, डोळ्यांत लहानपणची ती खोडी आणि तिच्याखाली दुसरंही काहीतरी, जे तिला स्वतःला अजून माहीत नव्हतं. ते काय असतं ते मला माहीत होतं. नत्थुजींच्या फ्रेममध्ये मी ते बघितलं होतं.

माझ्या मनात दोनच नावं होती. गौरांग आणि मी. तिला आमच्याशिवाय आहे कोण?

"चीटिंग काय?" मी विचारलं. आवाज सरळ राहिला याचा मला अजून अभिमान वाटतो.

"बॅग उघडलीस ना तू? स्वेटर घातलास पण!" ती खुर्चीकडे बघून बोलत होती. "मोरपंखी रंग तुला इतका खुलेल असं वाटलं नव्हतं, आई."

मी कॅमेऱ्यामागे गेले. अंगात माझा पिवळा सुती कुर्ता होता. बटणावर बोट ठेवलं. मला भीती वाटायला हवी होती, पण पहिल्यांदा वाटलं ते हायसं. गौरांग नाही. मी. मी आधी जाणार आणि ती मागे राहणार, जगाच्या रीतीप्रमाणे. मुलीचा चेहरा इतका सुंदर उजळला होता, आणि तो माझ्यासाठी होता. मी बटण दाबलं.

त्या आवाजाने तिने माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तू... इथे होतीस ना?"

"मी इथेच आहे. मन लावून बघितलं की असं होतं. बघ, कसा आलाय."

ती लॅपटॉपवर वाकली. मग हळूच म्हणाली, "आई, हा आतापर्यंतचा सगळ्यात भारी आहे." आणि अंगठ्याचं नख दातांखाली धरलं.

८

"आता तू," अबोली म्हणाली.

मी नाही म्हणू शकले असते. पण माझा माझ्या गणितावर भरवसा होता. अबोलीला मी दिसले, म्हणजे मी तिच्याआधी जाणार आणि गौरांगच्याही आधी. मग जशी कौशल्याबाईंना, तशी मलाही खुर्ची रिकामीच दिसायला हवी. एकदा ती रिकामी बघितली की मी निर्धास्त झाले असते. मला ते बघायचंच होतं.

स्टुलावर बसले. अबोली कॅमेऱ्यामागे गेली, माझ्यासारखीच एक डोळा बारीक करून. तिच्यामागे खिडकीचा पडदा, पडद्यावर दुपारचं ऊन. रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी. मी मान वळवायला लागले.

वेत कुरकुरला. कुणी बसल्यावर कुरकुरतो तसा.

माझी नजर अजून खुर्चीपर्यंत पोहोचली नव्हती, तिच्या लाकडी हाताच्या टोकावर होती. त्या टोकावर एक हात होता. सहज टेकलेला, बोटं खाली सोडलेली, आणि अंगठ्याचं नख कुरतडलेलं.

कॅमेऱ्यामागे अबोलीचे दोन्ही हात मला दिसत होते.

मी नजर तिथूनच मागे ओढली. त्या हाताच्या वर कुठली बाही होती, केस कसे होते, डोक्यावर काही होतं की नव्हतं, यातलं काही मी बघितलं नाही. बघितलं असतं तर कशापासून तिला जपायचं ते मला कळलं असतं. पण बघितलं असतं तर माझा चेहरा झाला असता, आणि तो चेहरा झाला की अबोलीने बटण दाबलं असतं. मीच शिकवलंय तिला, त्या क्षणाला सोडायचं नाही म्हणून.

मी लेन्समध्ये बघितलं. थेट काळ्या काचेत. डोळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी मोरपंखी नसलेलं, फिकट असं, जरा पुढे झुकलं. माझ्याकडे बघत असावं. मी पापणी लववली नाही. दात इतके घट्ट दाबले की कानशिलं दुखली.

"आई, लेन्समध्ये काय बघतेस? खुर्चीकडे बघ ना."

"काढ."

"अगं, पण..."

"अबोली, काढ म्हटलं ना!"

तिने काढला.

"शी! आई, हे तर आधार कार्ड आहे," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

खरंच तसाच आला होता. ताठ मान, थिजलेले डोळे, कोरा चेहरा. माझ्या हातून कधी असा फोटो गेला असता तर मी धंदा बंद केला असता. मी तिला म्हटलं, "हाच राहू दे. भिंतीसाठी हाच लावायचा, दुसरा कुठलाही नाही. बाबांनाही सांगून ठेव."

"भिंतीसाठी काय, काहीही बोलतेस." तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तिचा हात उबदार होता. मी तो धरून ठेवला, इतका वेळ की तीच म्हणाली, "काय झालंय तुला?"

९

अबोली पुण्याला गेली. स्वेटर मोरपंखीच आहे, लाकडी बटणांचा. त्या संध्याकाळी तिने तो गौरांगसमोर दिला आणि मी "थंडी वाढली की घालेन" म्हणून घडी करून कपाटात ठेवला. ती रोज फोनवर विचारते. या वर्षी अमरावतीत थंडी बरीच पडली, आणि मी जुनी शाल पांघरून काढली.

विचार मात्र पुरेसा केला. अबोलीला मी दिसले, मला अबोली. दोन्ही खरं होऊ शकत नाही. म्हणजे अजून काहीतरी ठरायचं बाकी आहे. फरक एवढाच आहे की तिचा चेहरा मी कॅमेऱ्यात पकडलेला आहे आणि माझा तिला पकडता आला नाही. पारडं माझ्या बाजूने आहे. थोडंसं वजन आणखी टाकायला हवं, ते माझ्या कपाटात घडी करून ठेवलेलं आहे.

आज सकाळी थंडी अशी नव्हतीच. न्हाले, केस नीट बांधले, खिडक्या उघडल्या. मग स्वेटर काढला, घातला, सगळी बटणं लावली. खाली स्टुडिओत आले, दिवा लावला आणि त्या खुर्चीत बसले. वेत कुरकुरला. समोर स्टूल रिकामं आहे. इथून कॅमेरा उजव्या हाताला येतो. मला ही खुर्ची कधी माहीतच नव्हती. फार आरामशीर आहे.

मांडीवर फोन वाजला. अबोली. मी फोनचा कॅमेरा चालू केला नाही.

"घातलास का गं शेवटी?"

"घातला."

"खरंच? कसा होतोय?"

मी बाहीवरून हात फिरवला.

"माझ्याच मापाचा आहे," मी म्हटलं. "तुला नसता झाला."